वनिताताई आणि त्यांचा ‘तुडुम’

वनिताताई पुस्तोडेंसमोर कुठलीही हकिकत सांगायची, तर आधी आपण कुठे उभे होतो ते सांगावं लागायचं. स्टाफरूममध्ये कुणी सांगायला लागलं की सकाळी हायवेवर ट्रक उलटला, धानाची पोती रस्ताभर पसरली, की ताई डब्यातला घास हातात तसाच धरून विचारायच्या, "तुमी कुठी उभे होते जी?"

"मी नव्हतो तिथं. बसमधल्या एकानं सांगितलं."

"मंग तो कुठी बसला होता? खिडकीकडून का दरवाज्याकडून?"

सांगणाऱ्याचा निम्मा उत्साह तिथेच जायचा. काहींना वाटायचं, बाई चेष्टा करते. पण ताईंना खरंच ते कळल्याशिवाय ट्रक दिसायचा नाही. एकदा आमच्या शिपायानं नागझिऱ्याकडच्या रस्त्यावर अस्वल पाहिल्याचं सांगितलं, तर त्या रविवारी त्याला घेऊन ताई त्या वळणावर गेल्या आणि तो उभा होता तिथे स्वतः उभ्या राहिल्या. सोमवारी मला म्हणाल्या, "मॅडम, त्याले अस्वल नाही दिसलं. तिथून फक्त झुडूप हललेलं दिसते. पण तो खोटा नाही बोलून राहिला. त्याले खरंच दिसलं."

साकोलीच्या आमच्या कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या आणि मी इंग्रजी शिकवायचे. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. पुस्तकं सांभाळणाऱ्या बाईचं आडनाव पुस्तोडे, यावर दर वर्षीची नवी मुलं नव्यानं हसायची आणि ताईही दर वर्षी नव्यानं हसल्यासारखं करायच्या. ठेंगण्या, अंगानं वाळक्या, केसांचा घट्ट अंबाडा, उन्हाळ्यातसुद्धा पायात मोजे. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. साकोलीत भाड्याच्या दोन खोल्या होत्या. शनिवारी दुपारी बसनं पंधरा-वीस किलोमीटरवरच्या आपल्या गावी आईकडे जायच्या आणि सोमवारी सकाळी तिकडूनच थेट कॉलेजात यायच्या, पिशवीत आईनं दिलेली भाजी घेऊन.

बोलण्यातलं जास्तीचं त्यांना सहन व्हायचं नाही. प्राचार्यांनी एका निरोप समारंभात पाऊण तास भाषण केलं. खाली उतरल्यावर ताई अगदी मनापासून त्यांना म्हणाल्या, "सर, भाषण छान झालं. तुमी मधात थांबून रुमालानं डोळे पुसले न, तिथंच संपलं होतं." सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढच्या समारंभात मात्र दहा मिनिटांत खाली बसले.

त्या पटकथा लिहितात हे मला कॉलेजात येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं, तेही अपघातानं. ग्रंथालयात संगणक आला होता आणि पुस्तकांच्या कार्डांचं जुनं लाकडी कपाट कोपऱ्यात नुसतं उभं होतं. मी एक खण सहज ओढला. आत कार्डं होतीच. एका बाजूला टाईप केलेलं, मृदाशास्त्र की असंच काही, लेखकाचं नाव, दाखल क्रमांक. उलट बाजूला ताईंचं बारीक अक्षर: ‘दुपार. तलावाची पाळ. बाई तुडुमाजवळ बसली आहे. पाण्याचा आवाज.’

एका कार्डावर एक दृश्य. कपाटाचे खालचे चार खण भरले होते.

"कोनाले सांगू नका," ताई म्हणाल्या. मग स्वतःच खुर्ची ओढून बसल्या आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत सांगत राहिल्या.

तुडुम म्हणजे आमच्याकडच्या जुन्या तलावांना पाणी सोडायला ठेवलेलं तोंड. ते उघडायचं, बंद करायचं, कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती वेळ पाणी जाईल ते ठरवायचं, हे सगळं ज्या माणसाकडे असतं त्याला पाणकर म्हणतात. ताईंचे वडील त्यांच्या गावचे पाणकर. ताई लहान असतानाच ते गेले आणि गावानं ते काम त्यांच्या आईकडे, अनुसयाबाईंकडे दिलं. बाईकडे हे काम कधी नसतं. दुसऱ्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. तलावात पाणी थोडं, बांध्या जास्त. वरच्या बांध्या वाचवायच्या तर खालच्या सोडून द्याव्या लागणार होत्या. खालच्या बांध्या अनुसयाबाईंच्या सख्ख्या भावाच्या होत्या. त्यांनी त्या सोडून दिल्या.

"मामा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काहीच नाही. रोज येऊन पाळीवर उभा राहे. आई इकडं बसून, तो तिकडं उभा. धान वाळेपर्यंत रोज आला. मंग यायचा बंद झाला. अठरा वर्षं आईसंग बोलला नाही." त्यांनी एक कार्ड काढून वाचलं. "भाऊ येतो. उभा राहतो. बहीण बघत नाही. पाणी दुसऱ्याच्या बांधीत जाण्याचा आवाज. भाऊ जातो."

"पुढे?"

"पुढच्या कार्डावर आणखी येतो."

मी हसले नाही. मला ती पाळ दिसली, हे खरं सांगते. आणि त्या दोघांपैकी कुणाचीही बाजू घेता येईना.

एका फिल्म फेस्टिवलनं नवीन पटकथाकारांसाठी शिबिर जाहीर केल्याची बातमी ताईंनीच कुठून तरी शोधली. त्याला ‘लॅब’ म्हणायचं. देशभरातून सहा जण निवडायचे, आठ दिवस मुंबईला ठेवायचे, जाणत्या लोकांनी त्यांच्या पटकथांवर काम करून घ्यायचं, आणि शेवटच्या दिवशी निर्मात्यांसमोर आणि एजंटांसमोर प्रत्येकानं आपली गोष्ट दहा मिनिटांत मांडायची. पटकथा कुठल्याही भाषेत चालेल, पण एक पान गोषवारा इंग्रजीत हवा. ताई इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचायच्या, लिहायला मात्र घाबरायच्या. ते पान मी लिहिलं.

पहिल्या वर्षी नकार आला, पण नुसता नाही. कुणीतरी नीट वाचून चार ओळी लिहिल्या होत्या: जग विलक्षण आहे, लेखिकेची नजर विलक्षण आहे, संघर्ष मात्र पुरेसा स्पष्ट होत नाही. ताईंनी ते पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "पाह्यलं का मॅडम, मुंबईच्या मानसानं तुडुम वाचला." त्यांना नकारापेक्षा तेच मोठं वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी ते पान मी पुन्हा लिहिलं आणि मला वाटलं, मला कळलंय काय करायचं ते. मूळ पानात मी ‘तिचा भाऊ’ एवढंच लिहिलं होतं. या वेळी त्याआधी एक शब्द घातला, ‘क्रुएल’. तिचा निर्दय भाऊ. पान एकदम उभं राहिलं. शिकवून शिकवून इंग्रजीचं एवढं मला कळत होतं. ताईंना वाचून दाखवताना मी त्या ओळीवरून जरा भरभर गेले.

"सर्व बरोबर आहे न मॅडम?"

"बरोबर आहे."

निवड झाली. कॉलेजात पेढे वाटले गेले, प्राचार्यांनी फलकावर नाव लिहिलं. पण जाण्याआधी ताईंना आईला सांगायचं होतं. एकटीनं सांगायची हिंमत होईना, म्हणून एका रविवारी मला घेऊन गेल्या.

अनुसयाबाई अंगणात धान पाखडत होत्या. सत्तरी गाठलेली बाई, पण पाठ ताठ. लेकीनं सगळं सांगेपर्यंत त्यांचं सूप थांबलं नाही. मग थांबलं.

"माहं कायले लिवलं वो तू? माह्यात काय आहे पाहासारखं?"

"आहे न आई."

"अन् सोमाचं?" सोमा म्हणजे तो भाऊ.

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या आहा, हिले सांगा. त्याचं धान वाळलं, पोरं लहान होते, त्याच्यावर काय बेतलं असन ते मले माहीत. पर त्यानं मले एक शबद खराब नाही बोलला. आता दहा वर्सं झाले, भाऊबिजेले येऊन राहिला. तुमाले काय दाखवाचं ते दाखवा. माह्या भावाले खराब नका दाखवजो."

"नाही दाखवत आई," ताई म्हणाल्या. मी मान हलवली. माझ्या हातचं ते पान तेव्हा मुंबईला पोचून महिना झाला होता.

वरठीच्या स्टेशनवर मीच त्यांना गाडीत बसवायला गेले. नवी बॅग, पायात मोजे, मांडीवर कार्डांचा गठ्ठा साडीच्या काठाच्या पट्टीनं बांधलेला. आठ दिवसांनी परत आल्या त्या वेगळ्याच. इतकं बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तिथे एका वयस्क दिग्दर्शकानं त्यांची कार्डं जमिनीवर मांडून घेतली, स्वतः गुडघ्यांवर बसून रांग फिरवली, आणि ताईंना प्रत्येक दृश्याला विचारलं, कॅमेरा कुठे आहे? "मॅडम, मी लोकायले जे विचारतो न, तेच ते मले विचारून राहिले!" आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "तिथं मले कोनी विचारलं नाही, का तुमी कायले लिहिता म्हणून."

या लोकांबद्दल मला वाईट लिहिता येत नाही. त्यांनी जे देऊ केलं होतं ते दिलं. शेवटच्या दिवशी ताईंनी दहा मिनिटं मोडक्या हिंदीत आपली गोष्ट मांडली. ‘तुडुम’ हे नाव उच्चारल्यावर सगळे का हसले ते त्यांना कळलं नाही. मोबाईलवर सिनेमे दाखवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा सुरुवातीचा आवाज म्हणे तसाच आहे. पण सांगून संपल्यावर कुणी हसलं नव्हतं, आणि तान्या नावाची एक तिशीतली एजंट येऊन त्यांच्या शेजारी बसली होती.

तान्याही भली मुलगी. करार करताना तिनं एकेक कलम फोनवर समजावून सांगितलं, घाईनं सही करू नका म्हणाली. ताईंना जी दारं कुठे आहेत हेही ठाऊक नव्हतं, त्या दारांवर तिनं थाप दिली. चार महिन्यांत पाच कंपन्यांकडे पटकथा गेली आणि एका कंपनीनं दीड वर्षासाठी हक्क राखून ठेवले. साकोलीतल्या एका ग्रंथपाल बाईसाठी हे केवढं होतं! सगळी पत्रं इंग्रजीत यायची. मी वाचून सांगायचे, ताई सांगतील ते मी लिहायचे. फोन मात्र ग्रंथालयात स्पीकरवर.

"वनिता जी, वो लोग पूछ रहे हैं, भाई कुछ करता क्यों नहीं?"

"नाही करत. तेच तं आहे."

"मैं समझती हूँ. पण स्क्रीनवर तो नुसता उभा आहे असं वाटतं. ज्या एका पानावरून तुमची निवड झाली ना, त्यात तो किती स्ट्राँग होता. क्रुएल. सबको वही पसंद आया था."

मी ताईंकडे बघितलं नाही. ताईंनीही माझ्याकडे बघितलं नाही. त्या पेन्सिलनं टेबलावर रेघा ओढत होत्या.

तिसऱ्या खर्ड्यात भाऊ ओरडू लागला. चौथ्यात त्यानं बहिणीची तणस, धानाचा पेंढा, पेटवली. पाचवा खर्डा हिंदीत झाला, कारण मराठीला पैसा लावायला कुणी तयार नव्हतं. मग तलाव गेला. दुसऱ्या एका राज्यात शूटिंगला सवलत मिळते म्हणून तलावाची विहीर झाली, विहिरीभोवती वाळू आली. सहाव्या खर्ड्यात भाऊ रागाच्या भरात बहिणीवर कुऱ्हाड घेऊन धावला.

मी एकदा म्हटलं, "ताई, आईला काय सांगितलं होतं?"

"एक बनू द्या न मॅडम," त्या म्हणाल्या. "हे लोक म्हणतात तसं एक बनू द्या. मंग माझ्या मनानं लिहीन. आता नाही म्हटलं तं मले पुन्हा कोन बोलावते?" मग खर्डा पिशवीत घालत, "अन् तो आता मामा राहिलाच कुठी? वाळवंटातला मानूस आहे तो."

त्यांचं ते म्हणणं मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं.

हक्कांची मुदत संपत आली तरी सिनेमाचं नक्की होईना. तेव्हा तान्यानं आणखी एक धडपड केली. दुसऱ्या एका फेस्टिवलमध्ये न बनलेल्या पटकथांचं वाचन होतं. नावाजलेले नट रंगमंचावर बसून दृश्य वाचतात, समोर पैसेवाले बसतात. तिनं ताईंचा नंबर तिथे लावून दिला. वाचनाआधी लेखिकेनं दोन मिनिटं बोलायचं होतं. तान्यानं सांगितलं, ही खरी गोष्ट आहे ते नक्की सांगा, खरी म्हटलं की लोक कान देतात.

ताईंनी सांगितलं. खादीची साडी नेसून, माईक हातात धरून, कॅमेऱ्याकडे बघून, "ही माझ्या आईची खरी गोष्ट आहे." त्यानंतर नटांनी कुऱ्हाडीचं दृश्य वाचलं. टाळ्या पडल्या. फेस्टिवलनं बारा मिनिटांचा तो व्हिडिओ इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला. आमच्या कॉलेजात तो मुलांना दाखवला गेला, आणि दाखवायचं मीच सुचवलं होतं.

दिवाळी पंधरा दिवसांवर होती. व्हिडिओ मुलांच्या मोबाईलवरून ताईंच्या गावी गेला. सोमामामांच्या सुनेनं तो पाहिला. पंचाहत्तरीतले मामा तो मोबाईल घेऊन चालत बहिणीच्या घरी आले. तिच्यासमोर धरला आणि बाराही मिनिटं तिला पाहायला लावलं. मग "हेच सांगतलं का तू पोरीले?" एवढंच विचारून निघून गेले. भाऊबिजेला आले नाहीत.

मामा येऊन गेल्याचं कळलं त्याच दिवशी ताईंनी फेस्टिवलला कळवलं होतं. त्यांनी लगेच, फार सभ्य शब्दांत दिलगिरी व्यक्त करून व्हिडिओ काढून टाकला. पण ज्यांनी तो उतरवून घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला. त्या शनिवारी ताई मामांच्या घरी गेल्या. काय झालं ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा, कुठे उभ्या होत्या तेही सांगितलं. छपरीच्या, म्हणजे ओसरीच्या बाहेर, उन्हात, कारण कुणी आत बोलावलं नाही.

"मामा, ते खोटं आहे. मीच मनानं लिहिलं. तुमी असं काही नाही केलं, मले माहीत आहे."

"खोटं आहे?"

"हो."

"मंग खरं आहे म्हणून कायले सांगतलं?"

"त्याले माझ्यापाशी काही नव्हतं मॅडम," ताई मला म्हणाल्या. "इतके खर्डे लिहिले मी. त्या एका प्रश्नाले मले उत्तर नाही लिहिता आलं."

मग मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, हे माझ्यापासून सुरू झालं. त्या पानावर तो शब्द मी घातला होता. तुम्हाला न सांगता."

त्यांनी टेबलावरचा शिक्का उचलून पेटीत ठेवला. मग म्हणाल्या, "माहीत आहे. तुमी गेल्यावर मी शब्दकोशात पाह्यला होता."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. तुमाले म्हणणार होतो, काढा म्हणून. मंग वाटलं, जाऊ द्या. एक शब्द तं आहे." त्या उठल्या, परत आलेली पुस्तकं उचलली आणि कपाटाकडे गेल्या. "तुमच्या एकटीचा नाही तो."

पुढचं थोडक्यातच सांगता येतं, कारण पुढे काही घडलंच नाही. हक्कांची मुदत संपली, कंपनीनं ती वाढवली नाही. कंपनीतला ज्या माणसाला पटकथा आवडली होती तो नोकरी सोडून गेला होता, आणि नव्या माणसाला तीत संघर्ष जरा जास्तच भडक वाटला. मला ते पत्र ताईंना वाचून दाखवावं लागलं. वर्षाच्या आत तान्यानंही ते काम सोडलं. शेवटच्या फोनवर ती रडली. "आय ॲम सॉरी, वनिता जी, मैंने सच में कोशिश की थी." ताईच तिची समजूत घालत होत्या, "तुमी लय केलं जी माझ्यासाठी. तब्येत सांभाळा."

त्या दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यात मामा वारले. अनुसयाबाई भावाच्या मयतीला गेल्या. भाच्यांनी अडवलं नाही, पण कुणी त्यांच्याशी बोललंही नाही. अंगणाच्या कडेला त्या बसून राहिल्या आणि तिरडी उचलल्यावर एकट्या घरी आल्या. त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. ताई शनिवारी जायच्या, स्वयंपाक करायच्या, आई जेवायची. बोलायची नाही.

ताईंनी लिहिणं सोडलं. मी एकदा म्हटलं, पहिला खर्डा, ती मराठी कार्डं, ती तर तशीच आहेत, आईला वाचून दाखवा. त्यात मामा तसेच आहेत, जसे होते. ताई म्हणाल्या, "आता काय दाखवू? म्हणन, हेही मनानंच लिहिलं असन." कॉलेजात जुन्या सामानाची यादी निघाली तेव्हा कार्डांचं कपाट मोडीत काढायच्या कागदावर ग्रंथपाल म्हणून त्यांचीच सही होती. टेम्पोत चढवताना मी विचारलं, "खण रिकामे केले ना?" त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

नंतर आईला अर्धांगाचा झटका आला आणि ताईंनी मुदतीआधी निवृत्ती घेऊन गाव गाठलं. निरोप समारंभ नको म्हणाल्या.

गेल्या वर्षी धानाची मळणी झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले. दुपारची वेळ. ताई अंगणात होत्या. केस बरेच पांढरे, मोजे नव्हते, टाचा भेगाळलेल्या. मला पाहून हसल्या, पाणी दिलं. मी विचारलं, आई बोलतात का आता? त्यांनी नकारार्थी मान हलवली. जेवण भरवू देते, अंग पुसू देते, कूस बदलू देते. बोलत नाही.

मी आत गेले. अनुसयाबाई खाटेवर होत्या. डावी बाजू लुळी, पण जीभ साफ. मला लगेच ओळखलं. बोलायला लागल्या आणि मला आश्चर्य वाटलं, किती बोलत होत्या! यंदा धान बरं झालं म्हणाल्या. तलावाची पाळ दोन ठिकाणी खचली, कुणाचं लक्ष नाही म्हणाल्या. आताच्या पाणकराला पाण्याचं कळत नाही, कसं बाई, वरच्या बांधीचं भरलं की नाही हे आवाजावरून समजते, पाहाची गरज नाही. मध्येच लहानपणी भावाबरोबर सिंगाडे काढायला जायच्या तेही सांगितलं. मी हो, हो म्हणत होते.

दहा-पंधरा मिनिटांनी मी उठले. माझी बस होती. बाहेर आले तर ताई दाराशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर सूप होतं, सुपात तांदूळ होते, हात स्थिर.

"निघते मी ताई."

त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. आवाज आत जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "आणखी थोडं बसा न मॅडम. तुमी बसले का ती बोलते. मले इथून ऐकू येते."

"बस—"

"पाच वाजताची आहे आणखी एक."

मी परत आत गेले. खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, "आजी, सिंगाड्यांचं काय सांगत होता?" म्हातारीचा चेहरा उजळला. ती सांगायला लागली आणि पाचची बस येईपर्यंत मी मधूनमधून विचारत राहिले.